एक कान उघडा

“तळाशी मी काही ठेवलंच नाहीये हो, मॅडम,” फोनवरचा माणूस म्हणाला. “तुम्ही ज्याची एवढी तारीफ केलीय ना, तो आवाज माझा नाहीच.”

ती पलंगावर बसून बाळाची वाळलेली झबली घडी करत होती. फोन खांद्यात दाबून धरलेला. तिला हसू आलं. आपल्या टेपेतलं काय चांगलं आहे ते बनवणाऱ्यालाच कळलेलं नसतं, हा अनुभव तिला नवा नव्हता.

“असं कसं? दुसरी बाजू, पत्रा घासायला लागतो तिथून पुढे. सगळ्या कल्लोळाच्या खाली एक बारीक, ओलसर आवाज आहे. चढतो, अडतो, उतरतो. शेवटपर्यंत आहे तो.”

“पत्रा माझा. ग्राइंडर माझा. काकाच्या दुकानाच्या शटरची साखळी आहे, ती माझी. ते सगळं पिळून काढलं आणि तळ होता तो कापून टाकला. खाली कोरडं ठणठणीत आहे.” तो जरा थांबला. “राग मानू नका. इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं नाही. आमच्या आईनंसुद्धा नाही. म्हणून तर फोन केला. दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक फुकट माझ्या पदरात नको.”

या माणसाला ती ‘गंज’ म्हणून ओळखत होती. कॅसेटवर तो हेच नाव घालतो. दिवसा फ्रिज दुरुस्त करतो आणि सुटीच्या दिवशी शेडमध्ये बसून लोखंडाला रडवतो. मोजक्याच प्रती काढतो, त्या सॅंडपेपरमध्ये गुंडाळून, तारेनं बांधून पाठवतो. ती तार सोडवताना तिच्या बोटाला एकदा चांगलंच लागलं होतं.

“तुमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल,” गंज म्हणाला. “नाहीतर हेड घाण झालं असेल. बघा एकदा.”

“हं. तेच असेल.”

फोन ठेवला. झबल्याची घडी नीट बसेना. दोनदा मोडून तिसऱ्यांदा घातली.

तिचं लिहिणं अशाच टेपांबद्दल असे. ज्याला बाकीचं जग ‘बंद कर ते’ एवढं म्हणून निकालात काढतं, त्या कर्कश, कारखानी आवाजांच्या संगीताबद्दल. चाल नाही, ताल नाही, शब्द असले तर ते करवतीच्या पलीकडून आल्यासारखे. कॉलेजात असताना एका मैत्रिणीबरोबर ती तळघरातल्या एका कार्यक्रमाला गेली होती. मैत्रीण कानात बोळे घालून पळून गेली, ही मात्र भिंतीला पाठ लावून शेवटपर्यंत उभी राहिली. बाहेर आल्यावर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या डोक्यातली भुणभुण थांबली होती. भिण्यासारखं जे जे होतं ते सगळं कुणीतरी आधीच मोठ्यानं वाजवून टाकलं होतं. मग आपल्याला भ्यायला काही उरलंच नाही, असं काहीसं.

एरवी ती विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांचे कागद तपासायची. खरं काय आणि रचलेलं काय, हे ओळखण्याची नजर तिथे लागली, तीच इथे कानाला लागली. एका छोट्या मासिकात तिची परीक्षणं यायची. वाचणारे थोडे, पण सगळे कडवे. संपादक तिला नावानं हाक मारत नसे, ‘कान’ म्हणे. “काय कान, या महिन्यात कुणाचा गळा कापला?”

आता ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि टेपा ऐकायची वेळ म्हणजे बाळ दुपारी झोपलेलं असतं तेवढीच. मुलीला घरात ढमी म्हणत, कारण पोटात असताना ती आतून ढोल बडवल्यासारखे पाय मारायची. ढमी झाल्यापासून तिनं हेडफोन दोन्ही कानांना कधी लावला नव्हता. डावा कान टेपला, उजवा ढमीला. पाळणा उजव्या हाताशी, इतका जवळ की कोपर लागावं. दोन कान म्हणजे दोन वेगळी दारं, एकातून आलेला पाहुणा दुसऱ्याच्या खोलीत शिरत नाही, असं तिनं धरून चालवलं होतं.

सासूबाईंना हा सगळाच प्रकार गंमतीचा वाटे. “अगं, मिक्सर लावते, त्याच्यावरही लिही दोन ओळी. बिचारा किती वर्षं गातोय.” किंवा नवऱ्याला, “तुझी बायको बघ, एका कानानं भूत ऐकते आणि दुसऱ्या कानानं पोर.” त्यात विखार नसायचा. विखार असायचा तो दुसऱ्या वाक्यात. “सारखी सारखी घाबरतेस तू. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?”

कारण घाबरायची ती खरंच. नखं निळसर तर नाहीत, टाळू खोल तर गेली नाही, शी हिरवी का. कोपऱ्यावरच्या बालडॉक्टरांकडे इतक्या चकरा झाल्या होत्या की तिथली नर्स हिला पाहून आधीच म्हणायची, “या, आज काय नाहीये बाळाला?” नवरा बस आगारात वेळापत्रकं लावायचा, त्याचं म्हणणं, “प्रत्येक गाडी उशिरा आली म्हणजे अपघातच झाला असं नसतं गं.” ती त्यावर हसायची आणि पुन्हा नखं बघायची. सगळं बघितलं होतं तिनं. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ढमीला घेऊन खाली अंगणात गेल्या, तेव्हा तिनं टेपरेकॉर्डर उघडला. पट्टा ताणून पाहिला, घट्ट होता. हेड स्पिरिटच्या कापसानं पुसलं, कापूस जवळजवळ पांढराच राहिला. मग गंजची टेप लावली. घरात कुणी नाही म्हणून हेडफोन दोन्ही कानांना चढवला.

ग्राइंडर आला. साखळी आली. पत्रा घासायला लागला. ती खाली उतरत गेली, विहिरीत बादली सोडावी तसा कान सोडत. बादली कोरडी वर आली. पुन्हा मागे नेऊन लावलं. पुन्हा कोरडी. आणि तळाच्या त्या बारीक आवाजाच्या धाग्याशिवाय ही टेप काय होती? एक माणूस ग्राइंडर चालवतोय. बरा चालवतोय, पण त्यात काही नाही. अशा टेपांना ती चार ओळींत वाटेला लावायची.

तिनं मागच्या महिन्याची टेप काढली. ‘वेल्डर’ नावाच्या एका जोडीची. तिच्यातही तिला तळाशी तसाच आवाज सापडला होता. दोन वेगळ्या गावांतली माणसं एकाच आवाजापाशी येतात, याचं तिला नवल वाटलं होतं, आणि तसं तिनं लिहिलंही होतं. ‘गंजनं तोच आवाज पुढे नेला आहे. वेल्डरकडे तो बारीक, लाजरा होता. इथे जाड आणि धीट झाला आहे.’

वेल्डरच्या टेपेतही तो नव्हता.

जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या. तिनं हेडफोनचा उजवा भाग सवयीनं कानावरून मागे सरकवला. “झोपली खांद्यावरच,” त्या हळूच म्हणाल्या. ढमीला पाळण्यात ठेवलं, पाय झाकले आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, नळ बंद झाला, घर शांत झालं. डाव्या कानात वेल्डर आपलं लोखंड जाळत होते.

आणि तळाशी धागा आला.

बारीक, ओलसर. चढला, अडला, उतरला.

तिनं टेप थांबवली. बटण वर आलं, चाकं थांबली. डाव्या कानात काहीच उरलं नाही.

धागा चालूच होता.

 मान वळवायला हवी होती, उजवीकडे, कोपराइतकी. ती वळेना. मग वळली. ढमी झोपलेली. गाल लाल, मूठ उशाशी. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळगीत कातडी किंचित आत ओढली जात होती, आणि श्वास कुठल्यातरी अरुंद फटीतून अंग चोरून आत येत होता. हे शब्द तिचेच होते. ‘अरुंद फटीतून कुणी अंग चोरून आत येऊ पाहत आहे.’ परीक्षणात लिहिले होते.

“आई!” तिची हाक इतकी मोठी निघाली की ढमी दचकून रडायला लागली, आणि रडण्यात तो आवाज बुडून गेला.

“सर्दी आहे गं,” सासूबाई म्हणाल्या. “घुरघुरतात पोरं.”

“ही घुरघुर नाहीये, आई.”

“मग काय आहे?”

ते तिला सांगता येईना. जे सांगता येत होतं ते तिनं छापून टाकलं होतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. ढमी जागी, मजेत, त्यांच्या नळीशी खेळत होती. “छाती साफ आहे. पण झोपेत येतो म्हणता ना? मग मला झोपेतलाच ऐकवा. उद्या घेऊन या.” ते हसले नाहीत, हे तिनं टिपलं. नर्सही काही बोलली नाही.

कपाटात कॉलेजच्या दिवसांतला एक माइक पडून होता. नाण्याएवढी तबकडी, हवेतला नव्हे तर ज्याला चिकटवाल त्याच्या पोटातला आवाज घेणारी. असलं कर्कश संगीत करणारे ती पत्र्याला लावतात. तिनं ती पाळण्याच्या लाकडाला लावली, ढमीच्या डोक्यापाशी, कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. रेकॉर्डिंग झाल्यावर चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेचे चिमुकले तुकडे स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकले. आवाज घेतला होता स्वच्छ. तिनं आजवर ऐकलेल्या कुठल्याही टेपेपेक्षा स्वच्छ.

डॉक्टरांनी सकाळी तो ऐकला आणि लगेच फोन उचलला. “मोठ्या हॉस्पिटलात जा. आज. घरी जाऊन बॅग भरायला नको, सरळ इथूनच जा.”

मोठ्या हॉस्पिटलातल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी हेडफोन लावला, डोळे मिटले. त्या ज्या तऱ्हेनं ऐकत होत्या ते बघून तिला आपलीच दुपार आठवली.

“श्वास आत घेतानाही वाजतंय आणि सोडतानाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे जागा कायमची अडलेली आहे. कधीपासून आहे, बाळाची आई?”

“वेल्डर...” ती म्हणाली आणि थांबली. “महिना होऊन गेला.”

“तेव्हा एवढाच होता?”

“नाही. तेव्हा बारीक होता. तुटक. मधे मधे नसायचाही. मग... मग जाड झाला. सलग झाला.”

बाईंनी वर पाहिलं. एवढं नेमकं सांगणारी आई त्यांना रोज भेटत नसावी. “छान लक्ष ठेवलंत,” त्या म्हणाल्या.

नवरा शेजारी उभा होता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला पेलवेना.

ढमीला भूल देऊन दुर्बिणीनं पाहिलं. स्वरतंतूंच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी, रक्तवाहिन्यांची एक मऊ लाल गाठ होती. जन्मखुणेसारखीच, फक्त आत, कुणाला दिसणार नाही अशी. ती वाढत होती. औषधानं ती बहुतेक बसते, बाईंनी सांगितलं. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी भरभर उच्चारला. पहिले काही दिवस इथेच ठेवावं लागेल, हृदयाचे ठोके बघत. आणि हो, आणखी थोडे दिवस गेले असते आणि त्यात साधी सर्दी झाली असती, तर... त्यांनी फाइल बंद केली.

वॉर्डात यंत्रांचे आवाज होते. एकाची टिकटिक, दुसऱ्याचा सुस्कारा, कुठेतरी चाकाचं किरकिरणं. एरवी तिनं त्यांना एकेक करून सोडवून, बाजूला मांडून ठेवलं असतं. आता ती त्या सगळ्यांमधून एकच शोधत होती, आणि तो सापडला की बरं वाटायचं, कारण आवाज आहे म्हणजे श्वास आहे, आणि लगेच वाईट वाटायचं, कारण आवाज आहे म्हणजे गाठ आहे.

दुपारी नवरा बाकावर बसून फोन बघत होता. तिची परीक्षणं त्यानं कधी वाचली नव्हती. “मला त्यातलं काही कळत नाही बुवा,” म्हणायचा. आज बसल्याबसल्या, वेळ जाईना म्हणून असेल, त्यानं फोनवरच ते मासिक उघडलं. ती पाण्याची बाटली भरून आली तेव्हा त्याच्या हाताकडे बघूनच तिला कळलं.

त्यानं हळूच, वाचायला शिकणाऱ्या मुलासारखं, एक वाक्य वाचलं. “‘हा आवाज कधी थांबूच नये असं वाटतं.’”

यंत्राची टिकटिक चालू होती.

“असं लिहिलंयस तू.”

“हो.”

“हाच का तो?”

“हो.”

तो काहीतरी बोलेल म्हणून ती उभी राहिली. तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन खिशात ठेवला, तिच्या हातातली बाटली घेतली, झाकण नीट लागलं नव्हतं ते लावलं, आणि ढमीच्या खाटेपाशी जाऊन बसला. नंतरही त्यानं हा विषय काढला नाही. फक्त ढमीला घरी आणल्यावर दुपारच्या वेळी आगारातून त्याचा फोन यायला लागला. “झोपलीय? आहे ना?” एवढंच विचारायचा. झोपली आहे ना, की नुसतंच आहे ना, ते तिनं कधी विचारलं नाही.

औषध लागू पडलं. आवाज एकदम गेला नाही. आधी त्याचं ओलेपण गेलं. मग तो अडायचा तिथे अडेनासा झाला. मग नुसती एक शिटी राहिली, लांब कुणीतरी किटली उतरवायला विसरल्यासारखी. एके दुपारी तिनं पाळण्यात वाकून पाहिलं तर काहीच ऐकू येईना. ती इतकी घाबरली की तिनं ढमीला चिमटा काढला. ढमीनं भोकाड पसरलं, स्वच्छ, मोकळं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

“काय गं केलंस?” सासूबाई धावत आल्या.

“काही नाही. जागी आहे का बघितलं.”

“झोपलेल्याला जागं करून जागं आहे का बघतात?” असं म्हणून त्यांनी नातीला उचललं, पण पुढचं दुसरं वाक्य बोलल्या नाहीत. सारखी घाबरतेस, हे वाक्य त्या घरात आता कुणी बोलत नव्हतं. ते नसण्यानं तिला जास्त भीती वाटायची.

मग गंजचा फोन आला. “काय मॅडम, सापडला का आवाज? पट्टाच होता ना?”

“सापडला. घरातलाच होता.”

“घरातला? पंखा? पाइप?” त्याला हुरूप आला. “तुम्ही लिहिलं तसा असेल तर भारीच असणार. रेकॉर्ड करून पाठवता का? माझ्या पुढच्या टेपेला तळ नाहीये. नाव देईन तुमचं.”

कॅसेट कपाटात होती. तिनं ती डॉक्टरांना ऐकवल्यानंतर पुन्हा ऐकली नव्हती. म्हणजे हात त्या कपाटाकडे गेला नव्हता असं नाही. तिला माहीत होतं, कुणी ही टेप परीक्षणासाठी पाठवली असती तर तिनं दुसरं काही न लिहिता एवढंच लिहिलं असतं की मिळवा आणि ऐका. हे कळणं थांबवता येत नव्हतं. कान कानाचं काम करत होता.

“नाही,” ती म्हणाली. “तो आता वाजत नाही.”

फोन ठेवल्यावर तिनं कॅसेट काढली. मोडलेल्या तुकड्यांच्या जागी दोन भोकं होती, ती चिकटपट्टीनं बुजवली. टेपरेकॉर्डरला माइक न जोडता लाल बटण दाबलं. पुसताना काहीच ऐकू येत नाही. चाकं फिरतात, बस. आत काय जातंय, किती गेलं, कळायला मार्ग नाही. बाजू संपून बटण खटकन वर येईपर्यंत ती तिथेच, त्याच्यासमोर, जेवायला बसल्यासारखी मांडी घालून बसून राहिली.

संपादकाचा निरोप आला. ‘काय कान, अंक कोरा सोडू का?’ तिनं कळवलं की गेल्या दोन्ही परीक्षणांतली तळाच्या आवाजाबद्दलची वाक्यं मागे घ्यावीत. तो आवाज त्या टेपांवर नाही. कुठे आहे ते लिहिलं नाही. संपादकानं ते छापलं आणि सोबत नवीन टेपांचं पार्सल पाठवलं. सगळ्यात वर सॅंडपेपरमध्ये गुंडाळलेली, तारेनं बांधलेली एक.

ती टेप टेबलावर चार दिवस पडून राहिली. पाचव्या दुपारी ढमी झोपल्यावर सासूबाई स्टूल घेऊन आल्या, पाळण्याला लावून बसल्या.

“लाव तुझं ते भूत,” त्या म्हणाल्या.

“नको, आई.”

“अगं, लाव म्हणते ना. मी आहे इथे.” आणि मग, पदर सारखा करत, “दोन्ही कानांना लाव. अर्धवट काही करू नये.”

त्यांनी ढमीच्या छातीवर हात ठेवला. सुरकुतलेला, हळुवार, अजिबात भार न देणारा. तिनं तार सोडवली, या वेळी बोट सांभाळून. हेडफोन चढवला. डावा, मग उजवा. उजव्या कानावर गादी बसली आणि घर बंद झालं.

गंज आता पंखा वापरत होता. शेडमधला मोठा, पातं वाकलेलं. त्याच्यावर साखळी. बरं होतं, मागच्याहून बरं होतं. तळ त्यानं रिकामाच ठेवला होता. मधे एका ठिकाणी तो सगळं एकदम तोडत होता आणि मोठी पोकळी सोडत होता, तिथे तिची पाठ ताठ झाली. पण तिचे डोळे टेपरेकॉर्डरवर नव्हते. ते त्या हातावर होते. हात वर जात होता, खाली येत होता.

पहिली बाजू संपत आली तेव्हा तिनं पाहिलं, सासूबाईंची मान छातीवर कलली होती. तोंड किंचित उघडं. त्यांना कधीच झोप लागली होती.

हात वर गेला. खाली आला. त्याला हलवणारं कुणी दुसरंच होतं.